शिवेबाहेरचा ‘काळोखाचो हुकूम’

देवबागच्या परशुराम कुबलाला लोक ओळखतात ते एका नाटकामुळे, आणि गंमत अशी की ते नाटक देवबागेत एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं. बसऱ्यात झालं, मोंबासात झालं, मस्कतच्या कामगार वस्तीत तीनदा झालं, विलायतेतल्या एका बंदरावर तर चहा-बिस्किटांसकट झालं. पण खाडी आणि समुद्राच्या मधल्या या चिंचोळ्या वाळूवर, जिथे त्याचं घर, त्याची होडी आणि त्याची बायको, तिथे मात्र नाही.

परशुराम चहाच्या टपरीवर टेकला की कुणीतरी विचारणारच, “काय परशुरामानू, आज खंयच्या देशात प्रयोग?”

तो कधी उखडला नाही. उलट खूश व्हायचा, कारण प्रश्न कसाही विचारला तरी उत्तर द्यायला तो मोकळा. माणूस बोटीवरचा सुकाणी, म्हणजे मोठ्या मालवाहू बोटीचं सुकाणू हातात धरून कप्तान सांगेल ती दिशा धरणारा. नोकरी संपून इतकी वर्षं झाली, पंचाहत्तरी उलटली, उजवा गुडघा कुरकुरायला लागला, तरी अजून उभा राहतो तो दोन पाय फाकून. जमिनीचा भरवसा नाही, कधी हलेल सांगता येत नाही, अशा हिशेबाने.

नाटकाचं नाव ‘काळोखाचो हुकूम’. जन्म एकाहत्तरच्या डिसेंबरातला. परशुरामाची बोट बसऱ्याच्या नदीत खजूर भरून उभी होती आणि इकडे देशात लढाई सुरू झाली. कंपनीने कळवलं, हलू नका. हलू नका म्हणजे काय, तर डेकवर बसा, रेडिओची खरखर ऐका आणि घरच्यांची काळजी करा. चार दिवसांत सगळ्या खलाशांची तोंडं वाळवलेल्या सुंगटासारखी, म्हणजे सुक्या कोळंबीसारखी, झाली.

इंजिनात तेलवाला होता भाई मयेकर. पोरवयात दशावतारी मंडळींबरोबर मृदंग घेऊन फिरलेला, त्यामुळे उदास बसलेला माणूस त्याच्या डोळ्यांना खुपायचा. नुकताच बोटीवर रुजू झालेला एक खलाशी सहज म्हणाला, की आमच्या गावात पोलीसपाटलाला तालुक्यावरून सांगून गेले, लढाई लागलीच तर दिवे मालवायचे. भाईने विचारलं, “तुमच्या गावात लाइट इली?” तो म्हणाला, “खंय! अजून खांब पण नाय.” भाई एवढा हसला की हातातला तेलाचा डबा कलंडला. त्याच संध्याकाळी नाटक उभं राहिलं.

लिहिलं नाही हो. दशावतारात कोण लिहितो? गोष्ट ठरवायची, कोण कुठून येणार ते ठरवायचं, बाकी तोंडाला येईल ते बोलायचं. आणि गोष्ट अशी.

लढाईचे दिवस. गावात वीज नाही. पोलीसपाटलाला हुकूम येतो, समुद्रावरून उजेड दिसता नये, दिवे मालवा. जन्मात पहिल्यांदा एवढा मोठा हुकूम हाती आलेला, तेव्हा पाटील घराघरांतल्या रॉकेलच्या चिमण्या विझवत सुटतो. म्हाताऱ्याच्या तोंडातली विडी विझवतो. काजव्यांच्या मागे काठी घेऊन धावतो. शेवटी येतो हौसाबाईच्या चुलीपाशी. ती बांगडे तळते आहे. हा म्हणतो चूल विझव, ती म्हणते तेल तापलंय. भांडण रंगात येतं आणि नेमका तेव्हा डोंगरामागून चांद उगवतो, पुनवेचा, ताटाएवढा. आता हा कसा मालवायचा? पाटलाची गाळण उडते आणि तो देवाला गाऱ्हाणं घालतो.

गाऱ्हाणं म्हणजे या मुलखात रडगाणं नव्हे. नवी होडी पाण्यात लोटायची असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, मानकऱ्याने उभं राहून गावाच्या वतीने देवाकडे मागणं करायचं आणि मागच्या माणसांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यांनी ‘व्हय’ म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं, आणि त्यात बोललेला नवसही सगळ्यांचा.

तर पाटील हात जोडून म्हणतो, “बा देवा म्हाराजा, हो चांद ढगाआड घाल रे म्हाराजा! आणि घातलंस, तर आमचो आख्खो गाव वरसभर माशाक हात लावचो नाय रे म्हाराजा!”

बघणारे ओरडतात, “व्हय म्हाराजा!”

आणि चांदावर ढग येतो. पाटील नाचतो. मग हौसाबाई कमरेवर हात ठेवून थेट देवालाच जाब विचारते. नवस ह्याने केला, मला कुणी विचारलं? देवाशी ती अशी भांडते, अशी भांडते, की देव हात टेकतो आणि ढग मागे घेतो. चांद परत, म्हणजे नवसही रद्द. पाटील बेशुद्ध पडतो, हौसाबाई चांदण्यात बसून बांगडा खाते. खेळ संपला.

त्या पहिल्या खेळात चांद म्हणजे भटारखान्यातली पितळी परात, क्रेनच्या तारेला बांधून वर ओढलेली. ढग म्हणजे काळं कांबळं. पाटील स्वतः भाई. आणि हौसाबाईचं लुगडं आलं परशुरामाच्या अंगावर, कारण तो सगळ्यांत धाकटा आणि धाकट्याला नाही म्हणता येत नाही. कप्तान पारशी होता. त्याला मालवणी कळत नव्हतं, पण परात वर चढताना भाईने जो चेहरा केला तो कळला. दुसऱ्या दिवशी त्यानेच पुन्हा करा म्हणून निरोप धाडला.

तिथून नाटक फिरायला लागलं. भाईची एक रीत होती. कुठल्याही मुलखात गेला तरी गाऱ्हाण्याच्या आधी तिथल्या राखणदाराला हात जोडायचा: “हंयच्या बंदराच्या राखणदारा, तुझा नाव माका ठावक नाय, रागावू नको. आमी पावणे, हसून जातलाव.” मोंबासाला धक्क्यावरचे हमाल बघायला बसले होते. भाषेचा गंध नाही, पण माणूस चांदाला फुंकर मारून विझवू बघतो हे काय सांगावं लागतं? ते पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीची पोती उचलताना ‘व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा’ असा ठेका धरून उचलायला लागले. परशुराम शपथेवर सांगतो. टपरीवर कुणी मानत नाही.

विलायतेतल्या बंदरावर खलाशांसाठी एक मोठी खोली होती, शेगडीजवळ बाकं टाकलेली. तिथे चहा देणारी एक म्हातारी. तिच्या लहानपणी मोठ्या लढाईत त्यांच्या गावावर खरेच बाँब पडले होते आणि रात्रीचे दिवे खरेच मालवत होते. ती हसता हसता रडायला लागली. भाई घाबरला, म्हणाला, “परश्या, काय चुकला काय आमचा?” दुसऱ्या संध्याकाळी म्हातारी आली ती एक पत्र्याचं शिरस्त्राण घेऊन. तिचा बाप त्या लढाईत गल्लोगल्ली फिरून लोकांचे दिवे मालवायचं काम करायचा. म्हणाली, माझा बाप अगदी असाच होता हो, चुलत्याच्या चिरुटावर बादलीभर पाणी ओतलं होतं त्याने. ते शिरस्त्राण तिने भाईच्या डोक्यावर चढवलं. तेव्हापासून कोकणातला पोलीसपाटील विलायती पत्र्याची टोपी घालून स्टेजवर यायला लागला.

मस्कतचे प्रयोग पुढचे. शेजारच्या मुलखात तेव्हा पुन्हा लढाई पेटलेली. कामगार वस्तीत मल्याळी, पठाण, फिलिपिनी, आपली मंडळी, सगळी दाटीवाटीने. ज्या दिवशी बातमी वाईट, त्या दिवशी हशा जास्त.

एक मात्र परशुरामाने स्वतःच्या मनाशी कबूल केलेलं. सुरुवातीची त्याची हौसाबाई अगदी लाकडासारखी होती. लग्नानंतर ती जिवंत झाली. सत्यवती कुणाच्याही पुढ्यात ज्या तोऱ्यात कमरेवर हात ठेवते तो तोरा, मासे घेताना भाव पाडायची ती तिची पद्धत, ‘मेल्या’ म्हणतानाचा तो लाडिक राग, सगळं तो बोटीत भरून घेऊन गेला. लुगडंसुद्धा तिचंच नेलं.

सत्यवती म्हणायची, “माझा लुगडा जगभर फिरून इला. मी गेलंय ती ममईपर्यंत. आणि परत इला की धुवचा कोणी? मीच.”

“अगो, लोकांनी टाळये वाजवल्यानी त्या लुगड्याक.”

“टाळयेनी तेलाचे डाग जातत?”

आणि तिने ते नाटक काही पाहिलं नव्हतं. परशुरामाची आणि भाईची सुट्टी कधी एका वेळी आली नाही. पुढे दोघेही घरी आले तर भाईची छाती दुखायला लागली आणि एका चैत्रात भाई गेला. पत्र्याची टोपी तेवढी परशुरामाच्या माळ्यावर राहिली. गावातल्या थट्टेचं त्याला काही वाटत नव्हतं. पण सत्यवतीही त्या थट्टेत हसायची, आणि ते मात्र त्याला लागायचं. जगाने बघितलेली हौसाबाई एकदा हिने बघावी, समोर बसून बघावी आणि खरी हसावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती. त्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं, गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या आत करून घ्या. ऑपरेशननंतर लुगडं नेसून नाचणारी हौसाबाई कुठली?

नातू दीपेश पर्यटकांना होडीतून खाडी दाखवतो, डॉल्फिन दाखवतो. बोलण्यात पटाईत, कारण डॉल्फिन दिसले नाहीत तर लोकांना हसवत परत आणावं लागतं. तोच म्हणाला, “आजोबानू, पाटील मी होतंय. करूया आपल्या गावात.”

तालीम ठरली शाळेमागच्या पटांगणात, कार्तिकातल्या एका संध्याकाळी. एका बाजूला म्हातारे पत्ते खेळत बसलेले, दुसऱ्या बाजूला बायका जाळं निवडत. परशुरामाने दीपेशला गाऱ्हाणं शिकवलं. आवाज कसा चढवायचा, ‘रे म्हाराजा’वर कसं थांबायचं. पोरगं हुशार. डोळे मिटून असं खणखणीत म्हणालं, की पत्त्यांतून डोकं वर न काढता म्हातारे बोलून गेले, “व्हय म्हाराजा!” जाळ्यातून हात न काढता बायकाही बोलून गेल्या, “व्हय म्हाराजा!”

जन्माची सवय. काय मागितलं, काय कबूल केलं, कोण ऐकतं? तो ठेका कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं.

जाळं निवडणाऱ्या मथुराबाईने पहिल्यांदा मान वर केली. “काय म्हटल्यान गो तो? वरसभर काय?”

आणि सगळ्यांनी एकदमच आभाळाकडे बघितलं. परतीचा पाऊस संपलेला, आभाळ निरभ्र. फक्त चांदावर, कुठून आला देव जाणे, एक ढगाचा तुकडा घोंगडीसारखा येऊन बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागच्या त्या वाडीतली एकही होडी पाण्यात गेली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. “तू जातंस?” “तू गेलंस तर मी येतंय.” घरात पडलेल्या सुक्या माशालाही कुणी हात लावेना. गावकार दाजी, म्हणजे देवळातला पहिला मान ज्यांचा, त्यांच्या अंगणात माणसं जमली. परशुराम मान खाली घालून उभा.

“अरे, पण ता नाटकातला गाऱ्हाणा!” दीपेश म्हणाला.

दाजी शांतपणे म्हणाले, “बाबू, देवाक काय तिकीट काढून बसवलेलंस? तेका कसा कळतला नाटक खंय सुरू झाला ता?”

“मगे बसऱ्यात, मस्कतात इतकी वरसां...”

“थंय आपली शीव नाय. आपलो देव आपल्या शिवेत ऐकता. आणि काल नुसता ऐकूक नाय, ढगय धाडल्यान!”

मग देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं, उजवी म्हणजे होकार, हा कौल. पहिली पाकळी बराच वेळ हलेचना. मथुराबाई पुटपुटली, “देवाकय बांगडो आठवलो आसतलो, ईचार करता.” शेवटी उजवी पडली. देवाने एका नारळावर गावाला सोडलं आणि होड्या दुपारच्या भरतीला बाहेर पडल्या. पण दाजींनी परशुरामाला बाजूला घेतलं.

“परशुरामा, राग मानू नको. पण ह्या नाटक शिवेच्या आत होवचा नाय.”

“नवस बदलूया दाजी. मासो नको, दुसरा कायतरी...”

“तू काय्येक घाल. आमची तोंडा व्हय म्हणतलीच. कोण कशाक अडकतलो, सांगाक येवचा नाय.”

खरंच होतं ते. परशुराम घरी आला. सत्यवती चुलीपुढे बसून हसत होती, आणि या वेळी तिचं हसणं त्याला फारच लागलं.

“हसतंस काय? तुका दाखवचा होता.”

“माका?” ती हसायची थांबली. “माका कित्याक?”

“अशीच.”

त्या रात्री बांगडा त्याच्या ताटात वाढताना, डोकं तिने स्वतःकडे घेतलं आणि मधला तुकडा त्याला दिला, एवढं त्याच्या लक्षात आलं.

काही दिवस तो गप्प होता. टपरीवरसुद्धा. सुकाणी गप्प बसला की समजावं, दिशा शोधतो आहे. मग एका सकाळी तो दाजींच्या अंगणात जाऊन उभा राहिला, पाय फाकून.

“दाजीनू, आपली शीव खंय संपता?”

“भरतीचा पाणी लागता थंय.”

“आणि पाण्याखाली जाता ती जमीन कोणाची?”

दाजी पान लावत होते, ते थांबले. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला एक वाळूची पाठ वर येते आणि भरतीला बुडते. पर्यटक तिला बेट म्हणतात, तिथे उतरून फोटो काढतात. सकाळी आहे, दुपारी नाही. ना या गावाची, ना पलीकडच्या.

“कोणाचीच नाय,” दाजी म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. “मेल्या, बायलेक नाटक दाखवूक परदेशात घेवन जातलंस तर!”

दिवस धरला पौषातली पुनव. पुनवेला ओहोटी नेमकी दिवस कलताना असते, इकडे सूर्य समुद्रात आणि तिकडे चांद डोंगरावर. परात बांधायचीच गरज नव्हती.

सत्यवती मात्र अडून बसली. “थंय पर्यटक जातत. मी काय पर्यटक? आणि त्या वाळूचो काय भरवसो?”

“तेकाच तर म्हणतत परदेश. बसऱ्यात तरी काय भरवसो होतो?”

“माका नको.”

परशुरामाने वाद घातला नाही. तो नुसता म्हणाला, “तू नाय इलंस तर मी लुगडा नेसूचंय नाय. बाकीच्यांक दाखवन माका काय करूचा?” आणि अंगणात जाऊन नारळाच्या झावळ्या विणत बसला. संध्याकाळी दीपेशच्या होडीत पहिली चढली ती सत्यवती. पाण्यात पाय न भिजवता, दोन पोरांच्या हाताला धरून.

दीपेशची शिस्त कडक. तरंगायचं जाकीट घातल्याशिवाय होडीत कुणाला घेणार नाही. त्यामुळे वाळूच्या पाठीवर जो प्रेक्षकवर्ग बसला, तो कुठल्या देशातल्या नाट्यगृहाने पाहिला नसेल. नऊवारी लुगड्यांवर नारिंगी जाकिटं, धोतरांवर नारिंगी जाकिटं. दाजींनी वर मानाचा फेटाही बांधलेला. प्लास्टिकच्या खुर्च्या वाळूत रुतून जिकडेतिकडे कललेल्या. मथुराबाई म्हणाली, “मगे? पासपोर्ट कोणी बघूक नाय तो!”

खेळ सुरू झाला. दीपेश पत्र्याची टोपी घालून आला तेव्हाच हशा. त्याने दाजींच्या तोंडातली विडी काढून खाडीत टाकली आणि दाजींना कळेना की ओरडावं की हसावं. मग हौसाबाई आली. परशुराम गुडघा विसरला. चूल मांडली, तवा ठेवला, कमरेवर हात घेतला, आणि पाटलाला म्हणाला, “हुकूम तुका दिल्यानी. माझ्या चुलीक दिल्यानी काय?” बायका खुर्च्यांसकट कलंडल्या. तो चोरून पहिल्या रांगेत बघत होता. सत्यवती हसत नव्हती. ती बघत होती. डोळे बारीक करून, भाजी निवडताना बघते तशी.

त्याच्या मनात आलं, हौसाबाई कुणासारखी ते ओळखलं हिने.

तेवढ्यात चांद वर आला. डोंगराच्या पाठीवरून, पाण्यावर पट्टा टाकत, अगदी भाईने सांगितल्यासारखा. दीपेशने एक उसासा टाकला, हात जोडले आणि आवाज चढवला. “बा देवा म्हाराजा, हो चांद ढगाआड घाल रे म्हाराजा! आणि घातलंस, तर आमचो आख्खो गाव वरसभर माशाक हात लावचो नाय रे म्हाराजा!”

सगळं चिडीचूप.

कुणी खोकलं. दाजींनी वाळूत बोटाने रेघ मारायला घेतली. मथुराबाईने पदर तोंडात कोंबला. कार्तिकातली ती सकाळ प्रत्येकाला आठवत होती. परदेश असला तरी तो घरापासून होडीच्या दोन ढकलण्यांवर, आणि देवाचे कान किती लांब ते कुणी मोजलेत? दीपेशने पुन्हा म्हटलं. पुन्हा तीच शांतता. कुठल्याही बंदरात, कुठल्याही भाषेच्या माणसांसमोर असं कधी झालं नव्हतं. ‘व्हय’ आल्याशिवाय ढग येत नाही, ढग आल्याशिवाय हौसाबाईला भांडायला जागा नाही. परशुराम तव्यापाशी तसाच उभा. आयुष्यभर वाहून आणलेलं नाटक घराच्या दारात येऊन रुतलं होतं.

तेव्हा पहिल्या रांगेतली एक खुर्ची वाळूतून उपटल्याचा आवाज आला.

“नाय म्हाराजा!”

सत्यवती उभी होती. नारिंगी जाकीट, कमरेवर हात.

“नाय म्हाराजा! ह्या मेल्याचा काय्येक ऐकू नको! वरसभर मासो नाय म्हणता. ह्येचो बापूस माझ्या पोटचो, तेका ईचार, एक सोमवार तरी धड काढल्यान काय? आणि मगे पोरांक ताटात काय वाढू, चांद?”

दीपेश हबकला. पण पोरगं डॉल्फिनवाल्यांच्या तालमीतलं. त्याने टोपी सरळ केली. “बाई! सरकारी हुकूम आसा! शत्रूचा विमान येतला!”

“येवंदे. लांबसून येता, भुकेला आसतला. दोन बांगडे वाढूया.”

परशुराम चमकून तिच्याकडे वळला. हे वाक्य त्याचं होतं. मोंबासापासून हौसाबाईच्या तोंडी तोच घालत आला होता, आणि त्याला खात्री होती की ते त्यानेच रचलं. आता कळलं ते कुठून उचललं होतं. कधीतरी, कुठल्यातरी सुट्टीत, याच बाईने चुलीपाशी कुणाला तरी म्हटलेलं असणार.

“आणि चांद? चांद दिसता ना शत्रूक!” दीपेश ओरडला.

“तेच्या गावातय तोच चांद आसा. तो शत्रू कित्याक येता आमका बघूक? आपल्या घराकडे बसान जेवांदे तेका!”

वाळू हसली म्हणा. लोक हसले, हसले, आणि मग दाजी गावकार, ज्यांनी जन्मात देवाला ‘व्हय’शिवाय काही म्हटलं नव्हतं, ते फेटा सावरत उभे राहिले आणि म्हणाले, “नाय म्हाराजा!” मग सगळेच. दर वाक्याला. सत्यवती बोलायची, दीपेश गयावया करायचा, आणि सगळी नारिंगी सभा गर्जायची, “नाय म्हाराजा!” चांदावर एवढासाही ढग आला नाही.

परशुराम हळूच खाली बसला. लुगडं आवरून, दुखरा गुडघा लांब सोडून, सत्यवतीच्या कललेल्या रिकाम्या खुर्चीला टेकून. तो हसायला लागला आणि हसतच राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत ते नाटक त्याने आज पहिल्यांदा बघितलं.

शेवट झालाच नाही. पाणी वाळूवर चढायला लागलं, चूल भिजली, तवा दीपेशने धावत जाऊन धरला आणि सगळे घाईघाईने होड्यांत चढले. चढतानासुद्धा मथुराबाई पाटलाला शिव्या देत होती.

होडीत सत्यवती परशुरामाच्या शेजारी बसली. तिने समोर बघतच विचारलं,

“कसा झाला?”

तिने हे विचारावं! परशुराम म्हणाला, “बरा झाला.”

“इतक्याच?”

“मोंबासात पण इतके हसूक नाय लोक,” तो म्हणाला. “खरा सांगतंय.”

ती गालातल्या गालात खूश झाली. जाकिटाचा पट्टा सैल केला. “तुमी कमरेवर हात ठेवतास तो चुकीचो ठेवतास. माझो डावो आसता.”

“माका वाटला तू रागावतलंस.”

“रागावलंय मगे! म्हणान तर उठलंय.” आणि थोड्या वेळाने, “फुडच्या पुनवेक परत करतलात?”

“ओहोटी गावता. पण मी काय करू आता? हौसाबाई तर तू होतलंस.”

सत्यवतीने त्याच्याकडे निरखून बघितलं, भाव ठरवायच्या आधी बघते तसं.

“पाटील व्हा.”

“पाटलाक मिशी लागता गो.”

“मगे उद्यापासून ठेवा,” ती म्हणाली, आणि होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच उठून उभी राहिली.